मेमरीची गळती व तिचा शोध

गेल्या वर्षीं आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत एक चमत्कारिक प्रकार घडत असे. सोमवारीं सकाळीं पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम अगदीं चलाख चाले. पुस्तकाचा दाखल-क्रमांक टंकून होतो न होतो तोंच पडद्यावर पुस्तकाचें नांव उमटे. बुधवारीं तोच प्रोग्रॅम किंचित् रेंगाळूं लागे. गुरुवारीं मुलांची रांग दारापर्यंत जाई. आणि शुक्रवारीं दुपारीं, सुट्टीसाठीं पुस्तकें नेण्याची ज्या वेळीं सर्वांत अधिक गर्दी असते नेमक्या त्याच वेळीं, प्रोग्रॅम काम करण्याचें साफ नाकारी. मग ग्रंथपालबाई संगणक बंद करून पुन्हा चालू करीत, प्रोग्रॅम ताजातवाना होई, आणि पुढच्या सोमवारपासून तोच क्रम नव्यानें सुरू होई. असें तीन महिने चाललें. शेवटीं बाईंनीं भिंतीवर एक चिठ्ठीच डकवून ठेविली : "प्रोग्रॅम अडल्यास संगणक बंद करून चालू करावा."

हा प्रोग्रॅम दहावींतील दोन विद्यार्थ्यांनीं माझ्या देखरेखीखालीं लिहिलेला असल्यामुळें त्याच्या दोषाचा वांटा माझ्याकडेही येतो. किती येतो तें पुढें दिसेलच. तो पायथन भाषेंत लिहिलेला असून पुस्तकांच्या व वाचकांच्या नोंदी पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत ठेवितो. त्यास कोणता रोग जडला होता, तो आम्हांस कसा सांपडला व कशानें बरा झाला, हें या लेखांत सांगावयाचें आहे. ज्यांस प्रोग्रॅम लिहिण्याची हौस आहे त्यांस हा रोग आज ना उद्यां भेटणारच. ज्यांस ती हौस नाहीं त्यांनींही हीं पानें चाळून पाहावींत, कारण हा रोग ग्रंथालयापुरता राहत नाहीं.

तो कोठवर जाऊं शकतो याचें एक उदाहरण आधीं देतों. १९९२ सालीं लंडन शहराच्या रुग्णवाहिका-सेवेनें गाड्या पाठविण्याचें काम कागदावरून काढून संगणकाच्या स्वाधीन केलें. २६ ऑक्टोबर रोजीं नवी व्यवस्था सुरू झाली आणि पहिल्या दोन दिवसांतच तिचा पुरता बोजवारा उडाला. त्या गोंधळाचीं कारणें पुष्कळ होतीं, व तीं आपल्या विषयाबाहेरचीं आहेत. आपला विषय ४ नोव्हेंबरच्या उत्तररात्रीचा. दोनचा ठोका पडून गेल्यावर थोड्याच वेळांत सारी व्यवस्था मंदावली आणि लवकरच जागच्या जागीं थिजली. अशा प्रसंगीं आपापला संगणक बंद करून चालू करावा, अशी सूचना तेथील कर्मचाऱ्यांस आधींच मिळालेली होती. त्यांनीं तसें केलें, पण व्यर्थ. मुख्य सर्व्हर पडल्यास दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी ही तजवीजही ऐन वेळीं कामास आली नाहीं. शेवटीं कागद व टेलिफोन हातीं घेऊन त्यांनीं काम पुढें रेटलें. रात्रीची वेळ, मागणी थोडी, म्हणून निभावलें.

चौकशी-समितीचा अहवाल १९९३ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला. त्यांत या रात्रीचें कारण दिलें आहे. सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं फेरफार करितांना एका प्रोग्रॅमरच्या हातून आज्ञांचा एक तुकडा अनवधानानें आंतच राहून गेला होता. त्यामुळें गाडी रवाना करण्याचा हुकूम निघाला कीं प्रत्येक वेळीं सर्व्हरच्या मेमरीचा एक लहानसा भाग वापरला जाई, आणि तो पुन्हा मोकळा होत नसे. एका हुकुमाचा भाग अगदीं नगण्य. पण तीन आठवड्यांचे हुकूम सांचले तेव्हां मेमरी संपली. आमच्या ग्रंथालयांत फार तर एखाद्या मुलास गोष्टीच्या पुस्तकावांचून घरीं जावें लागे. तेथें दाराशीं गाडी येण्याची वाट पाहणारा रुग्ण होता. रोग मात्र एकच.

या रोगास मेमरीची गळती असें म्हणतात. हें नांव रूढ झालें आहे खरें, परंतु तें विचारास थोडेंसें चुकीच्या वाटेनें नेतें. गळक्या घागरींतून पाणी बाहेर जातें आणि घागर रिकामी होते. येथें बाहेर कांहींच जात नाहीं. सर्व कांहीं आंतच अडकून राहतें. ग्रंथालयाचाच दाखला घ्या. मुलें पुस्तकें नेतात, वाचून संपवितात, पण परत करीत नाहींत. तीं घरीं पेटींत पडून राहतात. एकही पुस्तक हरवलेलें नाहीं, एकही फाटलेलें नाहीं, नोंदवहींत प्रत्येकासमोर कोणाची ना कोणाची सही आहे. आणि तरीही कपाट रिकामें.

संगणकाची मेमरी अशा कपाटासारखी आहे. काम करितांना प्रोग्रॅमास तात्पुरती जागा लागते. ती तो मागून घेतो आणि काम संपल्यावर परत करितो. सी सारख्या भाषांत मागणें व परत करणें हीं दोन्ही कामें लिहिणाऱ्यानें स्वतः करावयाचीं असतात, आणि परत करण्याचें राहून गेलें कीं गळती झालीच. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेसंबंधीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें परत करण्याचें काम यंत्राकडेच सोंपविण्याची युक्ति सांगितली. ज्या वस्तूपर्यंत प्रोग्रॅमच्या कोणत्याही भागास पोहोंचतां येत नाहीं ती निरुपयोगी समजावी व तिची जागा झाडून घ्यावी, ही ती युक्ति. पुढें जावा, पायथन इत्यादि भाषांनीं आपापल्या परीनें हाच मार्ग पतकरला.

म्हणून पुष्कळांचा असा समज होतो कीं या भाषांत गळती संभवतच नाहीं. आमचाही होता. पण झाडणाऱ्याचा नियम नीट पाहा. जी वस्तु कोणीच धरलेली नाहीं ती तो उचलतो. जी कोणी धरलेली आहे तिला तो हात लावीत नाहीं, मग धरणाऱ्यास तिची गरज असो वा नसो. गरज संपली कीं नाहीं हें यंत्रास कळण्याचा मार्गच नाहीं. तेव्हां या भाषांत गळतीचा अर्थ एवढाच कीं, निरुपयोगी झालेली वस्तु कोणीतरी विसरून हातांत धरून ठेविली आहे. वस्तु कोणती हें कळून तपास संपत नाहीं. हात कोणाचा, हें शोधावें लागतें.

डेटाबेसाशीं बोलणाऱ्या प्रोग्रॅमची स्थिति याहून नाजूक असते, कारण त्याचें देणें दोन ठिकाणीं असतें. डेटाबेस हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. त्याच्याशीं बोलावयाचें तर आधीं जोडणी करावी लागते. पोस्टग्रेस अशा प्रत्येक जोडणीसाठीं एक वेगळा सेवक नेमून देतो, आणि जोडणी बंद होईपर्यंत तो सेवक दुसऱ्या कोणाचें काम करीत नाहीं. असे सेवक किती असावेत याला मर्यादा आहे. आपण ती बदलली नाहीं तर ती १०० असते, आणि त्यांतल्या ३ जागा व्यवस्थापकासाठीं राखून ठेवलेल्या असतात. म्हणजे प्रोग्रॅमनें जोडणी बंद केली नाहीं तर इकडे त्याची स्वतःची मेमरी अडकते आणि तिकडे एक सेवक दाराशीं तिष्ठत बसतो. घरांत उसनवारी करावी व वाण्याकडेही उधारी ठेवावी, तसा हा प्रकार.

आतां आमच्या तपासाकडे वळतों. पहिला आठवडा आम्हीं अंदाज बांधण्यांत घालविला, तो फुकट गेला. एक म्हणे संगणक जुना झाला. त्यास ४ गिगाबाइटच मेमरी आहे. दुसरा म्हणे जाळें मंद आहे. माझा स्वतःचा संशय देवनागरी अंकांवर होता. आपल्या शाळेंतील लहान मुलें दाखल-क्रमांक बहुधा देवनागरींत टंकतात, व त्यामुळें पायथन गडबडत असेल असें मला वाटे. एके दिवशीं करून पाहिलें, तों देवनागरी अंकांत लिहिलेली संख्या पायथन बिनतक्रार समजतो असें आढळलें! निरपराध्यावर तीन महिने आळ घेतल्याची मला लाज वाटली. दुसऱ्या आठवड्यापासून अंदाज बंद करून मोजणी सुरू केली.

मोजणीसंबंधीं एक सूचना. एका वेळीं मेमरी फार वापरली गेली एवढ्यावरून गळती आहे असें म्हणतां येत नाहीं. दुपारच्या सुट्टींत गर्दी झाली कीं वापर वाढणारच. आणि काम संपल्यावरही पायथन घेतलेली सर्व जागा लगेच परत देतो असें नाहीं, पुन्हा लागेल म्हणून कांहीं स्वतःपाशीं ठेवितो. समुद्रकाठच्या मुलांस हें चटकन समजेल. भरतीचें पाणी कोठवर चढलें तें पाहून कांहीं कळत नाहीं. ओहोटीची रेषा पाहावी. रोजच्या ओहोटीस पाणी कालच्यापेक्षां वर थांबूं लागलें तर मात्र काळजीचें कारण आहे. म्हणून आम्हीं नोंद घेतली ती रोज संध्याकाळीं पांच वाजतां, ग्रंथालय बंद झाल्यावर, म्हणजे प्रोग्रॅमास कसलेंही काम नसतांना. एका रकान्यांत प्रोग्रॅमनें व्यापलेली मेमरी, दुसऱ्यांत पोस्टग्रेसकडे उघड्या असलेल्या जोडण्या. या जोडण्या पाहण्याची सोय पोस्टग्रेसनें स्वतःच केलेली आहे. 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' नांवाच्या कोष्टकास प्रश्न विचारला कीं प्रत्येक सेवक काय करीत आहे व केव्हांपासून, हें तो सांगतो.

सोमवारीं सकाळीं प्रोग्रॅमची मेमरी १०० मेगाबाइटांच्या आंत होती. सोमवारीं संध्याकाळीं ती २५० च्या घरांत गेली आणि उघड्या जोडण्या १८ झाल्या. मंगळवारीं ३९, बुधवारीं ५८, गुरुवारीं ८०. आणि गुरुवारीं मेमरी ७५० च्या वर. ग्रंथालयांत एक चिटपांखरूं नाहीं, आणि ऐंशी सेवक ताटकळत उभे! शुक्रवारीं दुपारीं गाडें कां अडतें तें तेव्हांच कळलें. ९७ जागा भरल्या कीं पोस्टग्रेस पुढच्या प्रत्येकास जागा नाहीं म्हणून परत पाठवी. आणि बुधवार-गुरुवारचें रेंगाळणें तें मेमरीच्या टंचाईनें. खरी मेमरी पुरेनाशी झाली म्हणजे संगणक तिचा कांहीं भाग डिस्कवर नेऊन ठेवितो, व डिस्क फारच मंद.

या दोन रकान्यांवर आमच्या एका विद्यार्थ्यानें जें केलें त्याचें मला अजून कौतुक वाटतें. त्यानें मेमरींतील वाढीस जोडण्यांतील वाढीनें भागलें. कोणत्याही दिवसाचे आंकडे घ्या, उत्तर आठ ते नऊ मेगाबाइटांच्या दरम्यान येई. याचा अर्थ असा कीं हे दोन रोग नव्हेत. प्रत्येक अडकलेल्या जोडणीबरोबर आठ-नऊ मेगाबाइटांचें कांहीतरी ठराविक ओझें अडकत आहे. तें ओझें कसलें? त्यानें पुस्तकांची संपूर्ण यादी, सुमारें ९,००० नोंदींची, एकदां मेमरींत आणून मोजली. ती तेवढीच भरली.

येथें आमच्या प्रोग्रॅमची एक अडाणी रीत सांगावी लागते. कोणी क्रमांक टंकला कीं प्रोग्रॅम नवी जोडणी उघडी, सबंध यादी मागवी, मग क्रमांकाचा आंकडा करून यादींत शोधी, आणि शेवटच्या ओळीवर जोडणी बंद करी. एका पुस्तकासाठीं ९,००० नोंदी मागविणें हा उधळेपणा खरा, पण ही गळती नव्हे. शेवटची ओळ गांठली कीं सर्व कांहीं परत होत असे. उधळेपणा व गळती यांची गल्लत पुष्कळदां होते. ज्या साधनांनीं प्रोग्रॅम डेटाबेसाशीं बोलतो त्यांपैकीं कित्येक, निराळें सांगितलें नाहीं तर, उत्तर कितीही मोठें असलें तरी तें सगळें एकदम मेमरींत आणून टाकतात. अशा वेळीं मेमरी एकाएकीं उसळते व पुन्हा खालीं येते. गळती उसळत नाहीं. ती पायरी-पायरीनें चढते.

तेव्हां प्रश्न उरला तो एवढाच : शेवटची ओळ कोणत्या प्रसंगीं गांठली जात नाहीं? पोस्टग्रेसच्या कोष्टकांत त्या ऐंशीही सेवकांसमोर एकच शेरा होता. व्यवहार सुरू करून ते स्वस्थ बसले आहेत. प्रत्येकासमोर स्वस्थ बसल्याची वेळही होती. त्या वेळा ग्रंथपालबाईंच्या वहीशीं ताडून पाहतांच उलगडा झाला. ज्या पुस्तकांच्या दोन प्रती आहेत त्यांपैकीं दुसऱ्या प्रतीवर ४१२/२ असा तिरप्या रेघेचा क्रमांक असतो. त्या रेघेमुळें क्रमांकाचा आंकडा होत नसे. पायथन चूक जाहीर करी. पडद्यावर "क्रमांक तपासा" असें येई. बाई पुस्तकाच्या नांवावरून काम उरकीत. दिवसांतून वीस-एक वेळां हें घडे व कोणाच्या लक्षांतही येत नसे. परंतु चूक जाहीर होतांच पायथन पुढील ओळी टाकून थेट बाहेर उडी मारतो. जोडणी बंद करण्याची ओळ त्या टाकलेल्या ओळींत होती.

हा शोध लागला तेव्हां आम्हीं काम संपलें असें मानलें. तें संपलेलें नव्हतें. दुसऱ्या विद्यार्थ्यानें अडचणीचा प्रश्न काढला. ओळ टाकली गेली हें खरें. पण काम सोडून बाहेर पडल्यावर ती जोडणी व ती यादी यांस धरणारें कोणी उरलें नाहीं, मग पायथननें तीं झाडून कां नेलीं नाहींत? प्रश्न बिनतोड होता. जोडणी सांभाळणारें आमचें साधन असें आहे कीं जोडणीस कोणी धरून नसेल तर ती आपोआप बंद होते. ती बंद होत नाहीं, त्या अर्थीं हात शिल्लक होता.

लूककृत शुभवर्तमानांतील स्त्री एका नाण्यासाठीं दिवा लावून सारें घर झाडते, तशी आतां आमची पाळी आली. दिवा म्हणून आम्हीं पायथनमधील ट्रेसमॅलॉक घेतला. हा २०१४ पासून, म्हणजे ३.४ या आवृत्तीपासून, पायथनबरोबरच मिळतो. प्रोग्रॅमच्या आरंभींच तो लावावा लागतो, व तो लाविल्यावर प्रोग्रॅम मंद होतो. म्हणून रोजच्या वापरांत तो ठेवूं नये. कोणती मेमरी कोणत्या ओळीनें मागितली याचें चित्र तो काढून देतो. सकाळीं एक चित्र काढावें, संध्याकाळीं दुसरें काढावें, आणि दोहोंची वजाबाकी करावी. पायथनच्या व्यवस्थेबाहेर, सी भाषेंतील साधनांनीं परस्पर मागून घेतलेली मेमरी त्यास दिसत नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. यासाठीं प्रोग्रॅमची एकंदर मेमरीही शेजारीं लिहीत जावी. आमच्या वजाबाकींत अपेक्षेप्रमाणें एकच ओळ डोंगराएवढी दिसली : यादी मागविणारी.

पण ट्रेसमॅलॉक वस्तु कोठें जन्मली तें सांगतो. आतां ती कोणाच्या हातीं आहे तें सांगत नाहीं. त्यासाठीं पायथनच्या झाडणाऱ्यासच विचारावें लागतें कीं, ही वस्तु तूं कां उचलली नाहींस, तिला कोणी धरलें आहे? तशी सोय आहे. आम्हीं एका अडकलेल्या यादीचा धरणारा विचारला, मग त्या धरणाऱ्याचा धरणारा, असें एकेक पायरी मागें गेलों. यादीस धरलें होतें अर्धवट सुटलेल्या कामाच्या टिपणानें. त्या टिपणास धरलें होतें चुकीच्या मागोव्यानें. मागोव्यास धरलें होतें खुद्द चुकीच्या वस्तूनें. आणि त्या चुकीच्या वस्तूस धरून बसली होती 'अलीकडील चुका' नांवाची एक यादी.

ही यादी प्रोग्रॅममध्यें मीं घालावयास लाविली होती. मुलांच्या हातून काय चुका होतात त्या मला आठवड्याच्या शेवटीं एकत्र पाहतां याव्यात, हा हेतु. पायथनमध्यें चूक ही नुसता मजकूर नसून एक वस्तु असते, आणि ती कोणत्या वाटेनें आली याचा सबंध मागोवा, वाटेंतील प्रत्येक कामाच्या सामानासकट, ती स्वतःबरोबर बाळगते. दोष शोधण्यास हें फार उपयोगी पडतें. पण ती वस्तु जपून ठेविली कीं तिच्याबरोबर तें सारें सामानही जपलें जातें. मला हवी होती चुकीची एक ओळ. मीं ठेवीत होतों ९,००० पुस्तकांची यादी, एक उघडी जोडणी आणि तिच्या पलीकडे हात जोडून उभा असलेला एक सेवक. आणि आठवड्याच्या शेवटीं ती यादी मीं कधीं उघडलीही नाहीं, कारण त्या वेळीं प्रोग्रॅम बंद पडलेला असे!

चुकीच्या वाटेवरच गळती असावी हा योगायोग नव्हे. सरळ वाट आपण शंभर वेळां चालून पाहतों; आडवाटेनें कोणी जात नाहीं. २२ ऑक्टोबर २०१२ रोजीं अमेरिकेंतील ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रांत मोठा बिघाड होऊन अनेक नांवाजलेलीं संकेतस्थळें बंद पडलीं. त्या कंपनीनें स्वतः प्रसिद्ध केलेलें कारण आमच्या गोष्टीचीच मोठी आवृत्ति आहे. साठवणीच्या सर्व्हरांवर माहिती पाठविणारा एक दुय्यम प्रोग्रॅम असे. ज्या सर्व्हराकडे तो माहिती पाठवी तो नादुरुस्त झाला म्हणून बदलण्यांत आला; परंतु नव्या पत्त्याची वर्दी सर्वत्र पोहोंचली नाहीं. ज्यांस ती मिळाली नाहीं ते जुन्याच पत्त्यावर जोडणी करण्याचा पुनःपुन्हा यत्न करीत राहिले, आणि फसलेल्या यत्नांतच मेमरीची एक बारीक गळती दडलेली होती. जोडणी होत होती तोंवर ती कोणास दिसण्याचें कारण नव्हतें.

दुरुस्ती सांगावयास थोडी आहे. 'अलीकडील चुका' या यादींत आतां चुकीचा मजकूर व वेळ एवढेंच लिहितों, आणि ती यादी शंभरावर गेली कीं जुनी नोंद आपोआप गळून पडते. यादी सगळी न मागवितां हवें तेंच पुस्तक डेटाबेसाकडून मागतों. ४१२/२ हा क्रमांक आतां क्रमांक म्हणूनच स्वीकारला जातो. आणि जोडणी बंद करण्याची आज्ञा अशा ठिकाणीं ठेविली आहे कीं काम नीट संपो वा चुकीनें उडी पडो, ती ओलांडल्यावांचून बाहेर जातांच येऊं नये. जावा भाषेंत २०११ पासून यासाठीं खास रचना आहे; पायथनमध्यें 'विथ' या शब्दानें ती होते. येथें मात्र एक खड्डा आहे, त्यांत आम्हीही पडलों. सायकोपीजी-२ या आमच्या साधनांत जोडणीवर 'विथ' लाविलें तर व्यवहार संपतो, पण जोडणी उघडीच राहते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत ती बंद होते. पायथनबरोबर मिळणाऱ्या एसक्यूलाइटच्या साधनाचीही गोष्ट पहिल्यासारखीच. म्हणून बंद करण्याची आज्ञा आम्हीं स्पष्ट लिहिली.

आणखी एक उपाय सुचविण्यांत आला होता. व्यवहार अर्धवट ठेवून ठराविक वेळेपेक्षां अधिक काळ बसून राहणारी जोडणी पोस्टग्रेसनें स्वतःच तोडावी, अशी तरतूद २०१६ मधील ९.६ या आवृत्तीपासून आहे. ती आम्हीं दहा मिनिटांवर लावून ठेविली आहे, पण पहारेकरी म्हणून. औषध म्हणून नव्हे. ती एकटीच लाविली असती तर सेवक मोकळे झाले असते, शुक्रवारचें अडणें थांबलें असतें, आणि इकडे प्रोग्रॅमची मेमरी मात्र पूर्वीप्रमाणेंच चढत राहिली असती. फक्त तें कळण्यास आणखी एखादा आठवडा लागला असता. जोडण्यांची मर्यादा १०० ची ३०० करावी, असेंही एका सद्गृहस्थांनीं सुचविलें. तो उपाय याच जातीचा.

ज्यांस असा तपास स्वतः करावयाचा असेल त्यांनीं आणखी दोन संशयितांची आधीं झडती घ्यावी, कारण ते वारंवार सांपडतात. पहिला म्हणजे 'पुन्हा लागेल' म्हणून ठेविलेला सांठा. एकदां आणलेलें उत्तर पुढच्या वेळीं झटपट देतां यावें यासाठीं प्रोग्रॅम तें बाजूस ठेवितो. हेतु चांगला, पण त्यांतून काढून टाकण्याचा नियम नसेल तर तो सांठा वाढतच जातो. सांठ्यास कमाल संख्या नेमून द्यावी. दुसरा संशयित म्हणजे दोष-शोधनाची सोय चालू राहणें. पायथनमधील जॅंगो या प्रसिद्ध साधनांत ही सोय चालू असली कीं डेटाबेसास विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची नक्कल मेमरींत ठेविली जाते. जॅंगोच्या मार्गदर्शिकेंतील गळतीविषयींच्या प्रश्नास पहिलें उत्तर हेंच दिलेलें आहे.

दुरुस्तीनंतर दोन आठवडे आम्हीं संध्याकाळची नोंद चालू ठेविली. पहिल्या दोन दिवसांत मेमरी किंचित् वाढून ९० मेगाबाइटांपाशीं आली, आणि तेथून पुढें ओहोटीची रेषा हलली नाहीं. संध्याकाळीं पांच वाजतां उघड्या जोडण्या शून्य. दुसऱ्या शुक्रवारीं मीं मुद्दाम ग्रंथालयांत जाऊन उभा राहिलों व ज्या पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती आहेत तींच पुस्तकें एकापाठोपाठ एक मुलांकडून मागविलीं. प्रोग्रॅम अडला नाहीं. ग्रंथपालबाईंनीं भिंतीवरची चिठ्ठी मात्र अजून काढलेली नाहीं. वीज गेल्यावर तिचा उपयोग होतो, असें त्या म्हणतात.